पुंजाराम आभाळाकडे बघत नाही

ताडपत्री मीच काढली. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण त्या दिवशी वावरात हजर असलेली चाळीस माणसं ते सांगायला टपून बसली आहेत आणि त्यांतली निम्मी तिखटमीठ लावून सांगतील. जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी पावणेनऊच्या सुमाराला, तिवशाच्या अलीकडे वामनरावांच्या वावरात, गोवऱ्यांच्या ढिगावर चारी बाजूंनी दगड ठेवून घट्ट दाबलेली ताडपत्री मी माझ्या हातांनी ओढली आणि बायकांना बसायला आंब्याखाली अंथरली. सतरंज्या घेऊन येणारा टेम्पो अजून आला नव्हता आणि गवतावर दहिवर होतं. ओढण्याआधी मोबाइल पाहिला होता. मोबाइलमध्ये सूर्य होता. पिवळाधमक, गोल, शेजारी ढगाचा ठिपकासुद्धा नाही. पावसाची शक्यता शून्य टक्के.

साडेनऊला पाऊस आला.

फार नाही, वीस-पंचवीस मिनिटं. पण आमची कॉलनी अशी की, पहिले चार थेंब पडताच चाळीसच्या चाळीस जणांनी त्या ताडपत्रीच्या कडा उचलल्या आणि ती डोक्यावर धरून सगळे खाली उभे राहिले. मीही राहिलो. वीस पावलांवर गोवऱ्यांचा ढीग उघड्यावर भिजत होता आणि आम्ही कोरडे राहून त्याच्याकडे बघत होतो. ती ताडपत्री घेऊन वीस पावलं चालत जावं, हे कोणाला तरी सुचायला हवं होतं. सुचलंही. पाऊस थांबल्यावर.

गावातून वांग्यांचं पोतं सायकलला लावून पुंजाराम परतला तेव्हा आम्ही एकमेकांना "तुम्ही भिजलात का हो?" असं विचारत होतो. त्यानं सायकल बाभळीला टेकवली. ढिगापाशी गेला. वरची एक गोवरी उचलली, तर तिचा अर्धा भाग हातात आला आणि अर्धा खाली गळून पडला.

"कोनं काढली?"

कॉलनीत एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पुंजारामनं मला टोपीपासून बुटापर्यंत निवांत पाहून घेतलं.

"साहेब, तुमी कोरडे हायेत ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग बरं झालं. तुमालेच पेटवतो आता."

पुंजाराम गावंडे हा रोडगे करणारा माणूस. वय त्र्याहत्तर, तीन एकर कपाशी, डाव्या कानाला कमी ऐकू येतं, आणि तो कान तो मुद्दाम गिऱ्हाइकाच्या बाजूला ठेवतो. आमच्या वऱ्हाडात नवस फेडायचा असो, पोरगी पास झालेली असो, की काहीच नसून नुसता रविवार असो, माणसं उठून वावरात जातात, गोवऱ्या पेटवतात आणि रोडगे खातात. रोडगा म्हणजे जाड्या कणकेचा मुठीएवढा गोळा, त्याच्या पोटात आणखी एक गोळा. निखाऱ्यात पुरून तो दीड तास भाजायचा, राख झटकायची, फोडायचा, वर तूप ओतायचं, बाजूला वांग्याची भाजी आणि वरण. खाणारा माणूस खाल्ल्या जागीच आडवा होतो आणि तिथून पुढे त्याचं मत कोणी विचारत नाही. गॅसवरही रोडगे होतात असं म्हणणारे लोक अमरावतीत आहेत. त्यांच्याशी बोलताना पुंजाराम डावा कान पुढे करतो.

चाळीस वर्षं उघड्यावर भट्टी लावणारा माणूस म्हटल्यावर लोकांनी एक समज करून घेतला की याला आभाळातलं कळतं. अमरावतीहून फोन यायचे. "पुंजारामजी, पुढच्या रविवारी पाऊस नाही ना?" हा प्रश्न ऐकला की पुंजारामला चीड यायची. वेचणीच्या बायका विचारायच्या, सरपंच विचारायचा, एकदा तर तालुक्याच्या गावाहून एक मंडपवाला खास गाडी करून विचारायला आला.

"येईन नाई तं नाई येईन," पुंजाराम म्हणाला.

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटून काय होते? मी काय तिथं नोकरीले हाव?"

मंडपवाल्याला वाटलं, म्हातारा गूढ बोलतो. तो गावभर सांगत गेला की बुढ्याला सगळं ठाऊक आहे, पण सांगत नाही. खरी गोष्ट इतकी साधी होती की कोणाचा तिच्यावर विश्वास बसेना. पुंजाराम आभाळाकडे बघतच नाही. मुंग्या कुठं चालल्या, चिमण्या धुळीत लोळल्या का, चंद्राला खळं पडलं का, यातलं त्याला काही येत नाही आणि ज्यांना येतं त्यांच्याबद्दल त्याचं मत मोबाइलवाल्यांपेक्षा बरं नाही. त्याची रीत एवढीच की गोवऱ्या तीन ठिकाणी ठेवायच्या, भट्टी दोन जागी आखायची, आणि पेटवायच्या वेळी विडी शिलगावून धूर कुठं जातो ते पाहायचं. पाणी आलं तर दुसरी जागा. वारा फिरला तर भट्टीचं तोंड फिरवायचं. उद्याचं आज कळून घ्यायची माणसाला एवढी खाज का, हे काही त्याला उमगत नाही. त्याच्या मते हे आळशी लोकांचं काम. ज्याला तीन ठिकाणी गोवऱ्या ठेवायचा कंटाळा, तो आभाळ बघतो.

या बाबतीत त्यानं कोणालाच सोडलं नाही. अमरावतीच्या एका मित्रमंडळानं त्याला एकदा जुलै महिन्यात जीपमध्ये बसवून चिखलदऱ्याला नेलं. मंडळ निघालं होतं धुकं बघायला. वर पोचले तर धुकं असं दाट की जीपचा ड्रायव्हर दार उघडून पायानं रस्ता चाचपत होता. दरीच्या काठावर उभं राहून मंडळ कुरकुरायला लागलं. काहीच दिसत नाही, एवढ्या लांब येऊन फुकट गेलं, चारशे फोटो काढायचे होते. पुंजाराम घोंगडं पांघरून बसला होता.

"धुकं पाहाले आल्ते ना तुमी?"

"हो ना पुंजाराम, पण दरी दिसत नाही."

"मंग धुकं पाह्य ना बे. दरी पाहाची होती तं उन्हायात येजो."

उन्हाळ्यातली माणसंही त्याला बरी वाटत नाहीत, विशेषतः अकोल्याची. एकदा मे महिन्यात मूर्तिजापूरजवळ अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं नवसाचे रोडगे ठेवले होते. जेवायला बसलेले अकोलकर आणि अमरावतीकर यांच्यात आदल्या दिवशी कोणाकडे जास्त तापलं यावरून जुंपली. अकोलकर छाती पुढे काढून म्हणत होते, आमच्याकडे शेहेचाळीस. अमरावतीकर पडेल आवाजात म्हणत होते, आमच्याकडेही सव्वाचव्वेचाळीस होतं. डोक्याला पंचा, हातात निखारे उकरायचा लांब दांडा, अशा अवतारात पुंजाराम भट्टीपाशी उभा होता. त्या दोन अंशांसाठी भांडणाऱ्या माणसांना तिथून दहा पावलं पुढे यायचं सुचत नव्हतं. "ऊन का याईनं पेरलं होतं?" तो बायकोला म्हणाला. "कापूस बरा झाला तं इतकी छाती नाई फुगत कोनाची."

आणि नितेशचा मोबाइल. नितेश हा पुंजारामचा एकुलता एक मुलगा. बडनेऱ्याला रेल्वेत रुळांच्या देखभालीवर आहे, क्वार्टर आहे, दोन पोरी आहेत. तो एकदा म्हणाला, "बाबा, उद्या तीस टक्के पाऊस हाय." पुंजारामनं शांतपणे विचारलं, "मंग मी कोन्या बाजूनं भिजू?"

आता एवढं सगळं ऐकून पुंजाराम फार शहाणा माणूस आहे असं कोणाला वाटेल, म्हणून पुढचं सांगतो. आभाळाला तुच्छ लेखायचं त्याचं खूळ इतकं पुढं गेलेलं की तो छत्री वापरत नाही. रेनकोट तर माणसाला पिशवीत घालायचा प्रकार आहे म्हणतो. त्याच्या आधीच्या सप्टेंबरात तो एका वावरातून अकरा किलोमीटर भिजत सायकलनं घरी आला आणि तिसऱ्या दिवशी छातीत कफ भरून अमरावतीच्या दवाखान्यात जाऊन पडला. बारा दिवस. नितेश रजा काढून उशाशी बसला. सुभद्राबाई, म्हणजे पुंजारामची बायको, डबा घेऊन यायची, डबा उघडायची आणि त्याला शिव्या द्यायची. शिव्या संपल्या की डबा बंद करायची.

दवाखान्यातच बापलेकांत एक ठराव झाला. नितेश म्हणाला, बाबा, आता पुरे. बडनेऱ्याला चला. गरम पाणी आहे, पोरी आहेत, दवाखाना हाकेवर आहे. पुंजारामला बडनेऱ्याचं क्वार्टर ठाऊक होतं. दुसरा मजला. खाली उतरलं की डांबर. गोवरी ठेवायला जागा नाही, पेटवली तर शेजारी आगीचा बंब बोलावतील. तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी बोलला.

"ज्या दिवशी माया हातचा रोडगा कच्चा निंगन, त्या दिवशी येतो. त्याच्या आंधी नाव काढजो नोको."

चाळीस वर्षांत एकही निघाला नव्हता. नितेशला हे माहीत होतं, तरी त्यानं हो म्हटलं, कारण दवाखान्यात पडलेल्या बापाशी भांडता येत नाही. मात्र त्या दिवसापासून तो प्रत्येक जेवणावळीला हजर राहायला लागला. ड्यूटी संपवून यायचा, भट्टीतून निघालेला पहिला रोडगा हातात घ्यायचा, फोडायचा, आत बोट घालून बघायचा आणि खायचा. पुंजाराम तेव्हा दुसरीकडे बघायचा. सुभद्राबाई मात्र नितेशच्या बोटाकडे बघायची. तिला बडनेऱ्याला जायचं होतं. गुडघे गेले होते, नाती होत्या, आणि चाळीस वर्षं राख चाळून तिला रोडग्यांचा वीट आला होता. नवऱ्याचा रोडगा कच्चा निघावा म्हणून ती देवाला सांगत होती की नाही, ठाऊक नाही. पण लोणच्याच्या दोन बरण्या तिनं आधीच बडनेऱ्याला पाठवल्या होत्या.

आणि अशा वेळी मी ताडपत्री काढली.

मी कोण, तर अमरावतीच्या एका कॉलनीत राहणारा निवृत्त माणूस. पावसाची तीन अ‍ॅप बाळगतो. पहिल्यावर विश्वास नाही म्हणून दुसरं घेतलं. दोघांचं पटेना म्हणून तिसरं. सकाळी फिरायला जाण्याआधी तिन्ही बघतो, आणि बघून होईपर्यंत ऊन वर येतं म्हणून बहुतेक वेळा जातच नाही. कॉलनीच्या वार्षिक रोडग्यांची तारीख मीच काढली होती, पुंजारामला रोडगे सांगून आलो होतो तोही मीच. तिन्ही अ‍ॅपमध्ये त्या रविवारी सूर्य होता. एवढं एकमत बघून माझे डोळे भरून आले होते.

पुंजारामनं नेहमीप्रमाणे गोवऱ्यांच्या तीन जागा योजल्या होत्या. उघड्यावर ताडपत्रीखाली, मोटारपंपाच्या खोलीत, आणि बैलांच्या गोठ्यात. पण गोठा वामनरावांनी आदल्या दिवशी मोकळा करून घेतला. वावर त्यांचं, कॉलनीचे अध्यक्षही तेच. गाड्यांवर दहिवर पडून रंग जातो असं त्यांनी कुठं तरी वाचलं होतं. त्यामुळे त्या सकाळी बैल बाहेर, गोवऱ्या बाहेर, आणि गोठ्यात तीन कार.

पंपाच्या खोलीतल्या गोवऱ्या कोरड्या होत्या. पण त्या एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या. जेवायला दीडशे माणसं येणार होती; आम्ही चाळीस जण नुसते आघाडीवर आलेले. कणीक मळून तयार होती. पुंजाराम पंपाच्या खोलीच्या दारात उभा राहून गोवऱ्यांकडे बघत होता. एवढ्या आगीत दोनशे रोडगे म्हणजे वरून कोळसा आणि आतून कणीक. निखारा पाऊण तास तग धरेल. रोडग्याला दीड तास पाहिजे. हा हिशेब त्याला डोळे मिटूनही करता येत होता, आणि त्यानं डोळे मिटलेही.

तेवढ्यात सतरंज्यांचा टेम्पो आला. अब्दुल सत्तार हा अमरावतीचा बिछायतवाला. त्याचं आणि पुंजारामचं तीस वर्षांचं भांडण आहे.

"पुंजाभाई, क्या करूं," तो उतरता उतरता म्हणाला, "मौसम खराब हो गया. धुंद में रास्ता नहीं दिखा."

"मौसमले काय झालं? तुया टेम्पोले काय झालं ते सांग. एका तासापयले सतरंज्या आल्या असत्या तं ह्या साहेबाईनं माई ताडपत्री कावून काढली असती?"

"इन्होंने निकाली?" सत्तारनं माझ्याकडे बघितलं. "पढ़े-लिखे लगते हैं."

"तेच तं."

वामनराव पुढे आले. त्यांनी सुचवलं की अमरावतीहून गॅसच्या भट्ट्या मागवू, दीड तासात येतील. आणि पुढच्या वर्षी सरळ हॉलच घेऊ, म्हणजे आभाळाची कटकट नको. पुंजारामनं त्यांच्याकडे डावा कान केला.

मग त्यानं विडी शिलगावली. धूर नाल्याकडे चालला होता. विडी अर्धी झाल्यावर तो सुभद्राबाईला म्हणाला, "पानगे करू."

पानगा म्हणजे तीच कणीक चपटी थापायची, पळसाच्या दोन पानांमध्ये दाबायची आणि निखाऱ्यावर ठेवायची. पातळ असल्यामुळे थोड्या आगीत, थोड्या वेळात होतो. गरिबाचा, घाईचा प्रकार. रोडगे करणारा माणूस पानगे करतो तेव्हा त्याला काय वाटतं ते पुंजारामच्या तोंडावर दिसत होतं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पळस होते, पानं अजून गळाली नव्हती. सुभद्राबाईनं आमच्या चाळीस माणसांना कामाला लावलं. आरतीवहिनी, म्हणजे वामनरावांची बायको, नखं जपून पानं तोडत होती, तिच्या हातून सुभद्राबाईनं पानं काढून घेतली आणि म्हणाली, "बाई, पान तोडाचं हाय, त्याचा मुका नाई घ्याचा."

मी पानं पुसत होतो. ओली होती. मला तेवढंच काम मिळालं होतं आणि ते देतानाही पुंजारामनं विचारून घेतलं होतं, "हे तरी जमते ना?"

साडेअकराला भट्टी पेटली. त्यानं आग लांबट, उथळ पसरली, तोंड नाल्याच्या उलट्या बाजूला ठेवलं, निखारे लाल झाल्यावर पानगे मांडले. पळसाच्या पानांचा करपट वास सुटला. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. सगळे वर बघत होते, मी तर मोबाइल आणि आभाळ अशी दोन्हीकडे मान फिरवत होतो. पुंजाराम खाली बघत होता.

आणि मग त्यानं एक गोष्ट केली. पानग्यांच्या रांगेच्या मधोमध निखारा उकरला, परातीत बाजूला ठेवलेले पाच गोळे उचलले आणि पुरले. अस्सल रोडगे, मुठीएवढे, पोटात दुसरा गोळा असलेले. सुभद्राबाई कणकेचे हात तसेच धरून बघत राहिली.

"हे कावून?" ती म्हणाली.

त्यानं दांडा उचलला. गोळ्यांवर राख ओढून घेतली.

एक वाजता नितेश आला. मोटारसायकल लावली, सगळ्यांना रामराम केला आणि भट्टीपाशी येऊन उभा राहिला. पानगे निघायला लागले होते. एक उचलून त्यानं पान सोलून काढलं, मोडून बघितलं. आतपर्यंत भाजलेला. दुसरा घेतला. तोही. पंगत बसली होती. कॉलनीची माणसं पानग्यांवर तूप ओतून घेत होती आणि "असं काही तरी वेगळं पाहिजे बुवा" म्हणत होती. दीडशे माणसं जेवली आणि एकालाही कळलं नाही की आज काही बिघडलं आहे. लोकांच्या या जिभेबद्दल पुंजारामला जे वाटतं ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

"आज पानगे?" नितेश म्हणाला.

"गोवऱ्या भिजल्या."

"मंग आजचं काई धरत नाई मी. रोडगेच नाई तं..."

पुंजारामनं दांड्यानं निखारे बाजूला सारले आणि पाचातला एक रोडगा बाहेर लोटला. वरून काळाभोर.

"हा घे."

नितेशनं राख झटकली. रोडगा एका हातातून दुसऱ्या हातात नाचवला, अंगठे रोवून फोडला. मी शेजारीच उभा होतो, मला दिसलं. मधला गोळा पांढरा होता, ओला, बोटाला चिकटणारा. नितेशलाही दिसलं. चार महिने तो याच गोष्टीची वाट बघत होता. त्यानं दोन्ही अर्धुकं पटकन एकावर एक ठेवली, मूठ मिटली.

"भाजला," तो म्हणाला.

"दाखव."

"भाजला ना बाबा. चांगला झाला."

"दाखव म्हन्तो ना."

नितेशनं मूठ उघडली नाही. पुंजारामनं त्याची बोटं एकेक करून उघडली. रोडगा बघितला, मधल्या गोळ्याला अंगठा लावला, अंगठा धोतराला पुसला.

"कच्चा हाय," तो म्हणाला. "रेल्वेत बी असंच लिहून देतं का बे, रूळ बरोबर हाय म्हनून?"

मी मध्ये पडलो. म्हणालो की हे चूक आहे, चूक माझी आहे, ताडपत्री मी काढली, गोठा वामनरावांनी घेतला, यात पुंजारामजींचा काय दोष? हे मोजायचंच नाही. नितेशही तेच म्हणत होता. सत्तार म्हणाला, "अरे, बारिश ने किया सब, इसमें इनका क्या?" सुभद्राबाईनं तर नितेशच्या हातातला तो कच्चा रोडगा हिसकला आणि लांब फेकून दिला. "कुठं हाय कच्चा?" ती म्हणाली. "मले तं नाई दिसत." तिच्या दोन बरण्या बडनेऱ्यात होत्या, गुडघे दुखत होते, आणि ती नवऱ्याकडे अशा रागानं बघत होती की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

पुंजारामनं उरलेले चार रोडगे बाहेर काढले, चारही फोडले. चारही कच्चे. मग त्यानं भट्टीवर पाणी ओतलं, दांडा धुतला आणि सायकलीला बांधला. नितेशला म्हणाला, "मंगयवारी गाडी घिऊन ये. बुढी सायकलवर नाई बसत."

तीन आठवड्यांनी मी बडनेऱ्याला गेलो. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पुंजाराम खुर्चीवर बसला होता, आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती, म्हणजे आभाळ दिसायला नको. शेजारच्या क्वार्टरमधली नगमा वाळत घालायच्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिला लग्नाला अकोल्याला जायचं होतं.

"चाचा, सब बोलते आप को मालूम रहता. कल बारिश होगी क्या?"

"कल शाम कू आ के पूछ बेटी," पुंजाराम म्हणाला. "एकदम पक्का बताता."

ती हसत आत गेली. बिल्डिंगभर याच्या आभाळाच्या ज्ञानाची कीर्ती पोचली होती, आणि तो पुन्हा त्याच लोकांच्या हाती सापडला होता. सुभद्राबाईनं चहा आणला. तिचा चेहरा सुखी होता आणि ते लपवायला तिला कष्ट पडत होते. आत दोन नाती अभ्यास सोडून भांडत होत्या. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो, पाणी गरम येतं का विचारलं. येतं म्हणाला, आणि पाणी गरम येणं हा जणू माझाच अपराध असल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

तीन आठवडे मनात सलत असलेली गोष्ट मी शेवटी विचारली. म्हणालो, "पुंजारामजी, पानगे तर सगळे भाजले होते. दीडशे माणसं जेवून गेली, कोणी चकार शब्द काढला नाही. नितेशही म्हणाला की आजचं धरत नाही. मग एवढ्याशा आगीत कच्चे निघणार हे माहीत असून ते पाच रोडगे पुरले कशाला?"

त्यानं कप खाली ठेवला आणि या वेळी डावा कान पुढे न करता सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुमी मले रोडगे सांगतले होते."